आधी माझे कान तपासले

आमच्या घरातली कुरबुर माझ्या कानांवरून सुरू झाली. निवृत्तीनंतर वारज्याला घेतलेल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहत होतो. मुलगी लग्न होऊन मांजरीला गेलेली, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो होतो, बायको टेलिफोन एक्स्चेंजमधून. जे काही बोलायचं ते एकमेकांशीच, आणि नेमकं तेच मला ऐकू येईनासं झालं.

ती स्वयंपाकघरातून काहीतरी विचारायची. मी "काय?" म्हणायचो. ती पुन्हा विचारायची, मी पुन्हा "काय?" मग ती दारात येऊन उभी राहायची.

"चहात आलं घालू का, असं विचारत होते. आता घालून झालं. प्या."

मला टीव्ही ऐकू यायचा. खालच्या भाजीवाल्याची हाक चौथ्या मजल्यावर यायची. शेजारच्यांचा कुकर किती शिट्ट्या करतो तेही कळायचं. फक्त हिचं बोलणं तेवढं अर्ध्यातून विरायचं. मी तिला तसं म्हणालो, तर म्हणाली, "म्हणजे बायकोचं तेवढं ऐकू येत नाही. हा आजार जुना आहे. पुण्यात घरोघरी आहे."

तिच्या आवाजात काही बिघाड असेल, हे माझ्या मनातही येणं शक्य नव्हतं. तिनं नोकरीचा बहुतेक काळ ट्रंक कॉल जोडण्यात घालवला होता. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक, आणि पलीकडे नागपूर, नांदेड, कोल्हापूर. खरखरत्या लाइनवर आपला शब्द दुसऱ्याच्या कानात जसाच्या तसा पोहोचवायचा, हीच तिची नोकरी. 'सात' आणि 'आठ' यांत ऐकणाऱ्याची गल्लत होऊ नये म्हणून ती 'आठ' जरा लांबवायची. घरीसुद्धा. दूधवाल्याला हिशेब सांगतानाही तिचा आठ लांबलेलाच असायचा. पुढे ट्रंक कॉल बंद झाले, तिला नंबर-चौकशीवर बसवलं, तिथंही लोक विचारायचे, बाई, तुम्ही रेडिओवर होता का?

कर्वेनगरच्या विहारात पौर्णिमेला वंदना तीच सांगायची. तिचे वडील छप्पन साली दीक्षाभूमीवर होते. घरात त्रिसरण-पंचशील लहानपणापासून तोंडात बसलेलं. ती एक ओळ म्हणायची, मागच्या बायका म्हणायच्या. त्या वर्षी एका पौर्णिमेला मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि पाहिलं, की मागच्या बायका तिच्या ओळीची वाट पाहत थांबतायत. ती म्हणून मोकळी झालेली असायची, आणि यांना ते कळलेलंच नसायचं. कुणी आधी सुरू करायचं, कुणी नंतर. तिसऱ्या-चौथ्या ओळीला सगळं विस्कटलं. तेव्हा मधल्या रांगेतल्या एका तरुण शिक्षिकेनं आवाज चढवला आणि पुढचं सगळं तिच्यामागून झालं. बायको पुढेच बसून होती, हात जोडलेले, ओठ हलत होते. परतताना रिक्षात ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, आणि या वेळी मी "काय?" विचारलं नाही.

मुलगीही फोनवर कुरकुरायला लागली होती. "आई, तुझ्याकडे रेंज नाहीये का? व्हॉइस कट होतोय." फोन बदलून झाला. कुणाला कशाची शंका आली नाही. शेवटी मुलीनंच फर्मान काढलं, "बाबा, तुम्ही कान चेक करून घ्या. आईला किती रिपीट करायला लावता!"

कर्वेनगरलाच कानांच्या तपासणीचं एक केंद्र होतं. तिथं एका काचेच्या बंद खोलीत बसवून मला हेडफोन लावले. बारीक शिट्टीसारखा आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर आलो तेव्हा तपासणारी बाई कागदावरची रेघ पाहत होती.

"काका, तुमचे कान वयाच्या मानानं उत्तम आहेत. यंत्राची गरज नाही."

बायको पलीकडच्या खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "मग यांना माझंच का ऐकू येत नाही?"

ती बाई टेबलावरून पुढे वाकली. "काकू, काय म्हणालात?"

बायकोनं पुन्हा सांगितलं. ती बाई आणखी वाकली. मग सावकाश मागे टेकली आणि माझ्याकडे न बघता हिच्याकडेच बघत म्हणाली, "काकू, तुम्ही एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. घाबरू नका. पण दाखवा."

जिन्यातून उतरताना बायकोनं कठडा धरला होता. म्हणाली, "कान तुमचे तपासायला आणले आणि डोकं माझं निघालं." हे मला नीट ऐकू आलं, कारण जिना अरुंद होता.

मेंदूच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, एक ओळ लिहायला दिली. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत गेलं होतं. डावा हात चालताना हलत नव्हता, ते मी इतक्या महिन्यांत पाहिलं नव्हतं, त्यांनी दारातून आत येताना पाहिलं. पार्किन्सन्सची सुरुवात असावी, असं ते म्हणाले. गोळ्या दिल्या, आणि एका रुग्णालयात आवाजाच्या ध्वनितपासणीला पाठवलं. आवाज नेमका कुठे आणि किती उतरलाय ते मोजू, म्हणजे उपचाराला पाया मिळेल, असं त्यांचं म्हणणं.

ती खोली आमच्या न्हाणीघरापेक्षा थोडी मोठी असेल. भिंतींना करड्या रंगाचा फोम, खिडकी नाही. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टर बाईंनी हिच्या डोक्यावर हेडफोनसारखा माइक बसवला आणि त्याची दांडी ओठांच्या कडेला आणली. बायको एकदम ताठ बसली. खांदे मागे, मान सरळ. हे बसणं मी ओळखत होतो. एकदा तिला आणायला एक्स्चेंजमध्ये गेलो होतो तेव्हा ओळीनं बसलेल्या बायकांमध्ये ती अशीच बसलेली दिसली होती.

"काकू, दीर्घ श्वास घ्या आणि जमेल तितका वेळ 'आ' म्हणा."

तिनं 'आ' म्हटलं. पडद्यावर एक जाड पट्टी उमटली, आणि पाहता पाहता उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होऊन संपली. मग 'प-त-क, प-त-क' झपाझप म्हणायला सांगितलं. सुरुवातीला तिन्ही अक्षरं सुटी होती, पुढे त्यांचा गोळा झाला. मग एक उतारा वाचायला दिला. शेवटी म्हणाल्या, "आता काहीही बोला. मनातलं."

बायकोनं आपल्या नोकरीच्या पहिल्या दिवसाची हकिगत सांगितली. पहिलाच कॉल मालेगावचा होता. पुण्यातल्या एका अत्तरवाल्या मुसलमान गृहस्थांना आपल्याला मुलगा झाल्याचं तिथल्या भावाला कळवायचं होतं, आणि लाइन इतकी वाईट होती की दोघांना एकमेकांचं ऐकू जाईना. शेवटी मधे बसून हिनंच तिकडे सांगितलं, "मुलगा झाला! मुलगा!" पुढे ते गृहस्थ एक्स्चेंजच्या दारात पेढे घेऊन आले आणि विचारत राहिले, 'मुलगा झाला' म्हणणाऱ्या बाई कोण? ही गोष्ट मी अनेकदा ऐकली होती. त्या बंद खोलीत तिच्या हातभर अंतरावर बसून मला त्यातले निम्मे शब्द ओळखीनं भरून घ्यावे लागले.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "काकू, तुम्ही आत्ता किती मोठ्यानं बोलत होता, असं तुम्हाला वाटतं?"

"मोठ्यानंच. जवळजवळ ओरडतच होते."

"ऐकू या?"

त्यांनी ती हकिगत पुन्हा लावली. स्पीकरमधून एक सपाट, वाळलेला आवाज आला. चढ नाही, उतार नाही. 'मुलगा झाला' आणि 'लाइन वाईट होती' एकाच पट्टीत. बायको ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर फारसं काही उमटत नव्हतं. तोही आजाराचाच भाग, हे नंतर कळलं.

"ही मी?" तिनं विचारलं.

"हो, काकू."

"असं बोलणारीला आमच्या सुपरवायझरनं पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं."

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि समजावून सांगितलं. आपण बोलतो तेव्हा गळ्यातल्या पट्ट्या थरथरतात, निरोगी आवाजात एक कंप पुढच्यासारखाच असतो. हिच्यात ते पुढेमागे होतायत. आवाजाची वरखाली होणारी रेघ जवळजवळ आडवी पडली आहे. आणि सगळ्यात अवघड हे, की मेंदूचं आवाजाचं माप चुकतं. आपण हळू बोलतोय हे त्या माणसाला कळतच नाही. त्याला वाटतं, जग बहिरं झालंय.

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. बरंच पुढे गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वर्षभर तुम्हाला बहिरा म्हटलं हो मी."

"म्हण ना. मला कुठे ऐकू येत होतं?" मी म्हणालो. ती हसली असावी.

मग सकाळचे व्यायाम सुरू झाले. बाल्कनीत उभं राहून पोटातून 'आ' काढायचा, समोरच्या इमारतीपर्यंत पोहोचेल एवढा. पहिल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि सगळं ठीक आहे ना, असं अदबीनं विचारून गेले. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी 'शांतता राखा' अशी पाटी लावल्यासारखा चेहरा केला. तिला त्याची पर्वा नव्हती. प्रत्येक वाक्याआधी थांबायचं, श्वास भरायचा, आणि आपण ओरडतोय असं वाटेल इतक्या जोरात बोलायचं. ते आम्हाला साध्या बोलण्यासारखं ऐकू यायचं. काही महिने खरंच बरे गेले. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ओह माय गॉड, किती क्लिअर!" विहारात तिनं पुन्हा एकदा वंदना सांगितली. पूर्ण नाही, पण पंचशीलापर्यंत नेली.

आम्हाला वाटलं, आता हे असं चालेल. पुष्कळांचं वर्षानुवर्षं चालतं.

पुढच्या तपासणीला आम्ही जरा मिरवतच गेलो. तोच माइक, तीच खोली. 'आ' मोठा आला, पण डॉक्टर बाई पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. पुन्हा म्हणायला लावला. मग आणखी एकदा. पट्टी आता निमुळती होत नव्हती. मधेच फाटत होती, दाटून आल्यासारखी ताणली जात होती, एकदम वर जाऊन खाली पडत होती. आणि श्वास आत घेताना बारीक शीळ उमटत होती. ती मी घरी झोपेत ऐकली होती, घोरणं म्हणून सोडून दिली होती.

"काकू, हल्ली उठताना चक्कर येते का?"

"येते. दोनदा पडलेही," बायको म्हणाली. "यांना वाटतं फरशी ओली होती."

"गोळ्यांनी हात मोकळे झाले?"

बायकोनं मान हलवली. नाही.

डॉक्टर बाईंनी आमच्यासमोरच मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला. एवढंच म्हणाल्या, की आवाज मला अपेक्षित होता तसा जात नाहीये, तुम्ही पुन्हा बघाल का. डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. झोपवून रक्तदाब घेतला, उभं करून घेतला. मेंदूचं चित्र काढलं. मग त्यांनी आम्हा तिघांना, मुलगी रजा घेऊन आली होती, समोर बसवलं आणि सांगितलं की हा साधा पार्किन्सन्स दिसत नाही. त्याच्या भावकीतला, पण जास्त वेगानं जाणारा आजार आहे. मेंदूचे बरेच भाग एकदम झिजतात. नाव लांबलचक इंग्रजी होतं.

"आवाजावरून कळलं?" मुलीनं विचारलं.

"आवाजावरून निदान होत नाही. शंका येते. कळलं इतर गोष्टींवरून. पण शंका आली नसती, तर आपण आणखी काही महिने आशेवर काढले असते."

ते महिने मिळाले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं.

पुढे सगळं उतारावरून गेल्यासारखं झालं. काठी, मग चाकांची खुर्ची. बोलणं घोगरं, अडकत अडकत. डॉक्टर बाईंनी सुचवलं, की आवाज आहे तोवर वाक्यं ध्वनिमुद्रित करून ठेवली तर पुढे फोन तिच्याच आवाजात बोलू शकेल. बायकोनं साफ नकार दिला.

"हा माझा नाही. उसना आवाज कशाला साठवायचा?"

मुलगी म्हणाली, मग जुना शोधू. आम्ही शोधला. लग्नाच्या कॅसेटवर सनई होती. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओवर आदल्या दिवसापासून शेवटपर्यंत गाणीच भरलेली. आई कुणाशी तरी बोलताना दिसते, ओठ हलतात, आणि वर गाणं चालू. वाढदिवस, सहली, सगळीकडे फोन तिच्या हातात, त्यामुळे ती कुठेच नाही. असलीच तर मागून "हसा" म्हणणारी. तो एक शब्द मुलीनं पुन्हा पुन्हा लावून पाहिला. मग फोन बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, कामवाल्या बाई येऊन घासून गेल्या असतानाही.

रुग्णालयातल्या ध्वनिफिती मात्र होत्या. त्या अभ्यासासाठी ठेवू का, असं डॉक्टर बाईंनी विचारलं, तेव्हा बायको हो म्हणाली. "नाव लावू नका. आवाज बिघडतो कसा, ते कुणाला तरी वेळेवर कळेल."

झोपेतली शीळ वाढत चालली होती. गळ्यातल्या पट्ट्या श्वास घेताना नीट उघडत नव्हत्या. गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागेल, डॉक्टर म्हणाले. श्वास सुरक्षित होईल, पण बोलणं जवळजवळ संपेल. तिनं विचार करायला वेळ मागितला. मी तिला गळ घातली नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ती असणारच.

"करू या," ती चार-पाच दिवसांनी म्हणाली. "पण आधी मला सगळ्यांशी एकदा बोलायचंय. दिवसाला एक माणूस. त्यापेक्षा जास्त जमणार नाही."

ठरलं. पहिल्यांदा मुलगी, मग हिची स्वतःची बहीण, मग एक्स्चेंजमधली एक मैत्रीण. मी शेवटी. "तुम्ही काय, घरचेच," असं म्हणाली. मला ते बरं वाटलं. काय बोलेल, मी काय बोलेन, याचा मी मनाशी विचार करू लागलो. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही समोरासमोर बसून असं कधी बोललोच नव्हतो.

मुलगी रविवारी यायची होती. त्याआधीच, एका सकाळी, मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. आत पलंगावरून ती काही म्हणाली. मी आत गेलो.

"काय गं?"

तिनं श्वास भरला, शिकवला होता तसा. "अहो, दूध लागतंय."

मी गॅस बंद करायला धावलो. दूध तळाला लागलंच होतं. परत आलो तेव्हा तिचे ओठ काळसर पडले होते आणि गळ्यातून ती शीळ येत होती, जागेपणी, मोठी. रुग्णवाहिका आली, रुग्णालयात नेल्यावर त्यांनी वाट पाहिली नाही. दुपारपर्यंत नळी बसली होती.

तर ते शेवटचं बोलणं. मुलीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग रडायला लागली. ज्यांच्याशी बोलायचं होतं ती सगळी माणसं एक एक करून भेटून गेली. हिचा हात हातात घेऊन त्यांनीच बोलून घेतलं.

वारज्याचं घर बंद करून आम्ही मांजरीला मुलीकडे आलो आहोत. सोसायटी नवी आहे, पण मागच्या भिंतीपलीकडे अजून ऊस उभा असतो. खोलीत नळीतला कफ ओढणारं यंत्र आहे, दिवसभर ते अधूनमधून चालू करावं लागतं. ते चालू असलं की मी बोलत नाही. इतर वेळी बोलतो. पेपर वाचून दाखवतो, सोसायटीतल्या बातम्या सांगतो. पूर्वी मी इतका बोलणारा नव्हतो. कधी कधी स्वतःचाच कंटाळा येतो. कधी तिचाही येतो, तेव्हा उठून बाहेर जाऊन उभा राहतो आणि परत येतो.

आमच्यात एक पुठ्ठा आहे, त्यावर मुळाक्षरं आणि बाराखडीची चिन्हं मुलीनं मोठी काढली आहेत. मी ओळींवरून बोट फिरवतो. हवं ते आलं की ती डोळे मिटते. वाक्य तयार व्हायला वेळ लागतो. बऱ्याचदा ती मधेच थकते आणि राहून जातं. तिला जे मला शेवटी सांगायचं होतं, ते तिनं पुठ्ठ्यावर सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. एवढी अक्षरं तिच्याकडून मागण्याचा धीर होत नाही.

परवा दुपारी मागच्या शेतात तोड झाली आणि त्यांनी पाचट पेटवलं. धूर थेट खोलीत यायला लागला. तिनं पुठ्ठ्याकडे पाहिलं. मी बोट फिरवायला लागलो. 'ख'वर डोळे मिटले. मग पहिल्या वेलांटीवर. मला कळलं होतं. पण शब्द अर्धा तोडलेला तिला आवडत नाही, रागानं तोंड फिरवते. म्हणून मी धुरात तसाच बसून राहिलो. 'ड' आला, 'क' आला, शेवटी दुसरी वेलांटी आली.

मग उठलो आणि खिडकी लावली.